सगुणाबाईच्या खोलीतला खांब

सगुणाबाई आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिचा संसार म्हणजे एक म्हैस, एक ताकाची रवी आणि नवरा. हा क्रम तिचाच. "म्हस हाय, रवी हाय, आन् ह्ये बी हायेत," असं ती सांगायची आणि ज्ञानू बाजूला उभा राहून मान डोलवायचा. येळवंडीच्या खोऱ्यातलं त्यांचं गाव भाटघरच्या धरणात गेलं. माणसं वाट मिळेल तिकडे पांगली. तिचा एकुलता भाऊ घाटाखाली उतरला तो पुन्हा दिसला नाही. ही दोघं भोरला आली. ज्ञानू बाजारात हमाली करू लागला आणि सगुणाबाई घरोघर लोणी विकू लागली.

लोणी विकायची, ताक मात्र नाही. गल्लीतल्या एका बाईनं पहिल्याच आठवड्यात ताकाचा भाव विचारला तेव्हा ती गोंधळलीच. "ताकाचं कुणी पैसं घेतं व्हय, वैनी? आमच्याकडं लोटा घेऊन आलं की भरून देत्यात." तेव्हापासून सकाळी तिच्या दाराशी लोट्यांची रांग लागे. आमचाही लोटा त्यात असे.

जागा आनंदरावांची. सगळे तिला कोठार म्हणत, कारण पूर्वी ते भाताचं कोठारच होतं. आनंदरावांनी आत कारवीचे कूड घालून, शेणामातीनं लिंपून खोल्या पाडल्या आणि भाड्यानं दिल्या. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही. आमचे हे कचेरीत कारकून. मागे सगुणाबाई, आणि तिच्या कुडापलीकडे फुलाबाई, तिचा नवरा गेनू, सासू ठकुबाई आणि लहानगी भिमा. परसात आड आणि गोठा. डोक्यावर मागच्या दोन्ही खोल्यांभर माळा, आणि माळ्यावर आनंदरावांचा भात. माळ्याला बाहेरून दगडी जिना, वर दार, दाराला कुलूप, आणि किल्ली आनंदरावांच्या कमरेला.

भाड्याच्या जागेत कुणी काय करायचं ते तोंडीच ठरलेलं असतं. कौलांची शाकारणी मालकानं करायची, सारवण भाडेकऱ्यानं. आड उपसायचा मालकानं, दोर भाडेकऱ्यांनी मिळून आणायचा. खांबाबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं. खांब असतोच, असं आपण धरून चालतो.

तो खांब सगुणाबाईच्या खोलीत होता, अगदी कुडाला लागून. त्याच्यावर तुळई आणि तुळईवर माळा. आनंदराव म्हणायचे की सागाचा आहे, त्यांच्या वडिलांनी उभा केलाय. तेल-काजळी खाऊन तो काळाभोर झाला होता. सगुणाबाईनं त्यालाच रवीची वरची दोरी बांधली. रोज उजाडताना घुसळण सुरू व्हायचं आणि तो घर्र घर्र आवाज कुडांतून आमच्यापर्यंत यायचा. मी देवाची भांडी घासायला बसायची ती त्याच आवाजाला.

धरण भरलं त्यानंतरच्या चौथ्या की पाचव्या वर्षीची गोष्ट. ज्येष्ठात खांबाच्या बुडाशी ओल्या तांबड्या मातीचा एक ढिगारा वर आला. आधी तिला वाटलं घुशीनं उकरलंय. तिनं तो झाडून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. आठवडाभरात तो वीतभर उंच झाला, त्याला तोंडं फुटली, टोकं आली. वारूळच ते. सगुणाबाई धावत माझ्याकडे आली. मला वाटलं घाबरली असेल. पण तिचा चेहरा सणाला माहेरचं माणूस दारात दिसावं तसा होता.

"वैनी, माजा भाव आला बगा. आमच्या गावच्या येशीला वारूळ व्हतं. धरणात गेलं. देव बुडाला आसं समदी म्हनत व्हती. तर ह्यो मला हुडकत आला."

मी हळदकुंकू आणि लाह्या घेऊन गेले. नाग म्हणजे बायकांचा भाऊ. पंचमीच्या आदल्या दिवशी आपण भावाचा उपास धरतो तो त्याच्यासाठीच. ज्याला भाऊ उरला नाही तिच्या घरात तो येऊन बसला, तर कुणाचं मन भरून येणार नाही? गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. कुणी दूध आणे, कुणी फुलं. गावातून आलेली, कुणाची कोण ठाऊक नाही अशी ती सगुणाबाई, आता बायका तिच्या उंबऱ्याशी थांबून "येऊ का आत?" असं विचारायच्या. ती पदर सावरून "या की" म्हणायची. फुलाबाई तेवढी चिडवी. "हिला भाव मिळाला, आन् आमाला भिताडातनं मुंग्या."

मुंग्या नव्हत्या त्या. वाळवी होती. पण वारूळ वाळवीच बांधते आणि मग त्यात देव राहायला येतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या मनात आला नाही.

आनंदराव नारळ घेऊन आले. माणूस गोड बोलणारा, नित्य पूजा केल्याशिवाय अन्न न घेणारा. वारुळापुढे त्यांनी डोकं टेकलं आणि बाहेर येऊन आमच्या ओट्यावर बसले. ह्यांना म्हणाले, "रघुवीरराव, हा मधला खांब यंदा बघून घ्यावा असं माझ्या मनात होतं. आता कसलं बघता. देवानं जागा धरली. आता हा भाडेकरू भाडं देत नाही म्हणून काही हाकलता यायचा नाही." सगळे हसले. मीही आतून हसले.

मग दूध रोजचंच झालं. खांबाच्या बुडाची जमीन सुकेनाशी झाली.

आषाढातल्या एका सकाळी घुसळणीचा आवाज मध्येच थांबला. थोड्या वेळानं सगुणाबाईनं मला हाक मारली. ती खांबाजवळ बसली होती, दोरी सैल पडली होती. "हात लावून बगा," ती म्हणाली. जिथे दोरीचा वेढा होता तिथे दोरी लाकडात बोटभर रुतली होती. इतकी वर्षं घासून काळी चकचकीत खाच पडली होती तिथं ती आता मऊ भाकरीत दोरा ओढावा तशी आत गेली होती. मी अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. वरून काळी कातडी तेवढी लाकडाची होती. आत माती.

ज्ञानू हमालीवरून परतला तेव्हा त्यानं खालपासून वर, हात पोचेल तिथवर, दाबून पाहिलं. मग मान वर करून माळ्याच्या फळ्यांकडे पाहत राहिला. वर किती भात आहे ते त्याला ठाऊक होतं, कारण तो त्यानंच पाठीवरून चढवला होता.

दोघं आनंदरावांकडे गेली. नंतर सगुणाबाईनं सांगितलं ते असं. मालकांनी बसायला सांगितलं, विचारपूस केली. खांब सागाचा, सागाला वाळवी लागत नाही म्हणाले. हिनं दोरीचं सांगितलं तर म्हणाले, दोरी दुसरीकडे बांध. मग म्हणाले, "आणि समजा बदलायचा झाला, तर वारूळ मोडावं लागेल. चातुर्मासात? तूच हळदकुंकू वाहिलंस ना, बाई? दिवाळी होऊ दे. मग शास्त्र विचारून काय ते करू."

ज्ञानू म्हणाला होता, "मग निदान भात तरी खाली घ्या, मालक. म्या एकटा उतरवतो. मजुरी नगं."

"उतरवून ठेवायचा कुठे? पावसात? आणि आता भात हलवायचा म्हणजे मला उभं राहावं लागेल. बघतो. सवड झाली की येतो."

भात हलवायला देवाची आडकाठी नव्हती. वारूळ माळ्यावर नव्हतं. कुलूप उघडायला तेवढा माणूस हवा होता. जुना भात दिवाळीच्या तोंडाला महाग होतो, हे मात्र गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या वेळी आनंदराव ओट्यावर आले तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "मागची मंडळी त्या माळ्याखाली झोपतात. भात उतरवून द्यावा एवढंच त्यांचं म्हणणं आहे."

ते ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, "वहिनींना काळजी फार. पण वहिनी, जिथे नागोबा खाली बसलाय तिथे वरचं ओझं कोण पेलतो, मी की तो?"

हे खाली बघून पानाला चुना लावत राहिले. आत आल्यावर मला म्हणाले, "पुन्हा एकदा बोलेन मी." दोन दिवसांनी बोललेही. आनंदरावांनी त्यांना "येतो, येतो" म्हणून सांगितलं.

नागपंचमी आली. त्या दिवशी आपण काही चिरत नाही, तळत नाही, जमीन खणत नाही. कोठारात बायकांची रीघ लागली. सगुणाबाईनं सगळ्यांना लाह्या वाटल्या. तिची नजर मात्र सारखी वर जायची. भिमा वारुळापुढे हात जोडून बसली होती, तिला तिनं उचलून दाराशी नेऊन बसवलं. फुलाबाईनं ते पाहिलं. "काय गं, माज्या पोरीची सावली पडती व्हय तुज्या देवावर?"

"देवावर न्हाई गं. वर बग."

"वर आनंदरावांचा भात हाय. आपल्या नशिबात खालचा भुसा. वर बगून काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईनं मला आणि फुलाबाईला बोलावलं. अंघोळ करून, ओल्या केसांनी ती वारुळापुढे बसली होती. ओल्या कुंकवात बुडवून तिनं तांदळाचे दोन दाणे वारुळाला लावले, एक उजवीकडे, एक डावीकडे. "बाबा," ती म्हणाली, "तू माजा भाव. तुजी जागा मोडून हितं धिरा लावायचा हाय, न्हाईतर ह्यी माणसं मरत्याल. तुजं मन आसंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे, म्या हात लावनार न्हाई."

आम्ही बसून राहिलो. बाहेर पाऊस होता. कुडापलीकडे ठकुबाई खोकत होती. खूप वेळानं उजवा दाणा सुटला आणि खाली पडला.

सगुणाबाईनं त्याला नमस्कार केला, तो पदराच्या टोकाला बांधला, आणि उठून कुदळ घेतली.

फुलाबाई ओरडत बाहेर गेली. मी तिथेच राहिले. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण कौल मी डोळ्यांनी पाहिला होता. वारूळ तीन-चार घावांत बसलं. नाग नव्हता. पांढऱ्या वाळवीचे लोंढे उजेडानं पळू लागले. आणि वारूळ जिथे खांबाला चिकटलेलं होतं तिथे खांबच नव्हता. वीत-दीड वीत नुसती मातीची कांडी, आणि वर लटकलेलं लाकूड.

ज्ञानूनं त्या जागी चपटा दगड बसवला, बाजारातून आणलेला जाड वासा धिरा म्हणून त्यावर उभा केला आणि तुळईखाली ठोकून घट्ट केला. वासा तुळईला लागला तेव्हा वरून थोडी माती सांडली आणि कर्र असा आवाज झाला, जसं कुणी झोपेत कूस बदलली. मग शांत झालं. सगुणाबाईनं दगडावर हळदकुंकू वाहिलं. मला म्हणाली, "आता ऱ्हाईल दिवाळीपातुर."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं होतं. नागोबा मोडला. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, कुदळीनं. संध्याकाळी आनंदराव आले, बरोबर गुरव आणि पाच-सात मंडळी. आनंदराव रागावलेले नव्हते, दुःखी दिसत होते.

"माझ्या जागेत मला न विचारता खोदलंस?"

"तुमाला इच्यारलं व्हतं, मालक. तुमी दिवाळी सांगितली."

"आणि देवाला?"

"त्येला बी इच्यारलं. त्येनं उजवा दिला."

मंडळीत कुणीतरी हसलं. गुरव म्हणाला, कौल लावायचा तर देवळात, गुरवाच्या हातानं. बाईमाणसानं घरात लावलेला कौल कौल नव्हे. मी म्हटलं, "मी पाहिलाय." पण मी दारामागून बोलले होते आणि बाहेर बोलणारे पुष्कळ होते.

ठरलं ते असं. बाहेरच्या माळावरून खऱ्या वारुळाची माती आणायची, जागेवर पुन्हा वारूळ बांधायचं, शांती करायची. देवाच्या छातीवर दगड आणि लाकूड ठेवता येत नाही, म्हणून धिरा तिथून काढायचा. ठकुबाई रडत होती की आमच्या घरावर कोप नको. गेनू ज्ञानूला म्हणाला, "तुमी जाल गोठ्यात ऱ्हायाला. आमी कुठं जावं?"

सगुणाबाई आनंदरावांच्या पुढे जाऊन उभी राहिली. तशी ती कधी कुणाच्या पुढे उभी राहिली नव्हती. "मालक, धिरा काडा, वारूळ बांदा, काय बी करा. पर आदी भात काडा. आत्ता किल्ली द्या, आत्ता उतरिवतो."

आनंदरावांनी हात जोडले, वारुळाच्या दिशेनं. "नागोबासमोर सांगतो, उद्या हमाल लावतो. झालं?"

धिरा काढला. त्यातल्या त्यात समाधान म्हणून तो चार हात पलीकडे, सारवलेल्या जमिनीवर उभा केला. तुळई तिथे नव्हती. नुसत्या फळीला तो टेकला होता.

उद्या आला, हमाल आले नाहीत. परवा पाऊस जोरात होता. ज्ञानू रोज आनंदरावांच्या दारात जाऊन बसे. एकदा ते पूजेला बसलेले असत, एकदा बाहेर गेलेले.

सगुणाबाईनं आपलं बिऱ्हाड गोठ्यात हलवलं. म्हशीच्या दावणीपलीकडे घोंगडी टाकली, चूल मांडली, आणि जमिनीत एक मेख ठोकून तिला रवी बांधली. गल्लीतल्या बायका लोटे घेऊन यायच्या बंद झाल्या. फुलाबाईही. सगुणाबाई तरी रोज तिच्या कुडाशी जाऊन सांगायची, "फुला, पोरीला घेऊन गोठ्यात ये गं. जागा हाय. म्हस काय म्हनत न्हाई." आतून फुलाबाई म्हणे, "म्हशीपाशी झोपायला म्या काय शेन हाय?" पण त्यात पहिल्यासारखा फणकारा नव्हता. तिनं आपली चूल खांबाच्या कुडापासून दोन हात अलीकडे सरकवल्याचं मी पाहिलं होतं. सासूपुढे यापेक्षा जास्त तिला करता येण्यासारखं नव्हतं.

श्रावणी सोमवार होता. ठकुबाई शंकराच्या देवळात गेली होती, गेनू आणि ज्ञानू बाजारात. मी पुढच्या खोलीत बेलाची पानं निवडत होते. घुसळण चालू होतं, गोठ्यातून, जरा लांबून. भिमा हातात लोटा घेऊन माझ्या दारावरून गेली. मी विचारलं, "कुठे गं?" तर म्हणाली, "ताकाला. आयनं सांगितलंय, आंबट आसलं तरी चालंल म्हनावं."

मला बरं वाटलं. बोलणं सुरू झालं, आता ती गोठ्यातही जाईल, असं मनात आलं.

घुसळण थांबलं. सगुणाबाई लोटा भरत असणार. मग जो आवाज झाला तो कोसळल्याचा नव्हता. आधी एक मोठं लाकूड मोडल्याचा, आणि मग खूप वेळ, पावसासारखा, भात सांडत राहिल्याचा.

आमच्या खोल्यांची भिंत उभी राहिली. मागचं सगळं बसलं होतं. धुळीतून मला दिसलं ते असं की बाहेरचा दगडी जिना जसाच्या तसा उभा, वर दार, दाराला कुलूप. दारामागे आभाळ.

सगुणाबाईनं भिमाला म्हशीच्या दाव्याशेजारी मेखेला धरून उभं केलं, "हितनं हालू नगंस" म्हणाली आणि हातांनी भात उपसू लागली. मी उपसू लागले. गल्ली जमली, बाजारातून हमाल धावत आले. मोडक्या तुळईला टेकू लावून लोकांनी पाट्यांनी, सुपांनी, पदरांनी भात काढला. आनंदराव आले. त्यांच्या माणसांनी पोती आणली आणि काढलेला भात भरू लागले. जो भात हलवायला सवड नव्हती तो एका दुपारात सगळा हलला.

फुलाबाई चुलीपाशीच होती, जिथे तिनं चूल सरकवली होती तिथे. तुळई तिच्यावर पडली नव्हती. अंगावर कुठे जखम नव्हती. भातच आला होता तिच्यावर. तोंडात, नाकात, केसांत भात होता. सगुणाबाईनं तिचं तोंड बोटांनी साफ केलं. पुन्हा पुन्हा करत राहिली, शेवटी ज्ञानूनं तिचा हात धरला.

खांबाचा वरचा तुकडा बाहेर काढला तेव्हा सुतारानं तो तासून पाहिला. आंब्याचा होता. त्यावर आनंदरावांचे वडील हयात असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

फौजदार आले. जबान्या झाल्या. ठकुबाईनं सांगितलं, गल्लीतल्या बायकांनी सांगितलं, गुरवानं सांगितलं की वारूळ मोडलं. मी वाळवीचं, भाताचं, काढलेल्या धिऱ्याचं सांगितलं. ह्यांनीही या वेळी मान वर करून सांगितलं की मालकाला आम्ही दोनदा बजावलं होतं. फौजदारांनी सगुणाबाईला विचारलं, "वारूळ तू मोडलंस?"

"व्हय, म्या मोडलं."

"का?"

"घर पडू नये म्हनून."

मग कागदावर आलं ते एवढंच, की घर जुनं होतं, अतिवृष्टीनं पडलं. आनंदरावांवर काही आलं नाही. भाड्यानं दिलेल्या घराचा खांब कुणाचा, हे त्या दिवशीही कुणी ठरवलं नाही. आणि कागदात नसलं तरी भोरात ठरलं ते वेगळंच: सगुणाबाईनं देव मोडला, आणि देवानं फुलाबाईला नेलं.

ती पुढे एक वर्ष आमच्याच भागात, चांभारवाड्याजवळच्या एका पडवीत राहिली. रोज घुसळायची. लोणी बाजारातला व्यापारी घेई, नाव न विचारता. ताक घ्यायला कुणी येत नसे. मडकं भरून दाराशी ठेवलेलं असे, संध्याकाळी ती ते म्हशीच्या पेंडीत ओतायची. भिमा एकदा रस्त्यानं चालली होती. सगुणाबाई उठून उभी राहिली. ठकुबाईनं पोरीचं तोंड हातानं दुसरीकडे वळवलं आणि नेली तिला.

कोठाराची जागा आनंदरावांनी साफ केली. आता तिथं एक लहान देऊळ आहे, चुनेगच्ची, आत दगडी नाग. पंचमीला बायकांची रांग लागते आणि आनंदराव सगळ्यांना लाह्या वाटतात. मी जात नाही. पाटावर चंदनानं नाग काढते आणि घरीच पूजा करते. देवावर माझा राग नाही. त्याच्या नावावर जे लपवलं त्यावर आहे.

पुढच्या दोन खोल्याही आम्ही सोडल्या. नदीच्या बाजूला एक जागा मिळाली. ज्या दिवशी सामान हलवलं त्या दिवशी सगुणाबाई न बोलावता आली. हातात ताकाचा लोटा होता. तो तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि आत आली. पहिल्या खांबापाशी बसली, पदर खोचला आणि बुडाशी अंगठा रोवून दाबलं. मग मागच्या बाजूनं. मग दुसरा खांब, तिसरा, स्वयंपाकघरातला, गोठ्याकडचा. नवा मालक दारात उभा होता. "ही कोण?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, "आमच्या घरातली आहे."

एका खांबापाशी ती जास्त वेळ थांबली. नखानं खरवडलं, वास घेतला, उठून वर तुळईकडे पाहिलं. मालकाकडे वळून म्हणाली, "माळ्यावर काय हाय, मालक?"

"काही नाही. मोकळा आहे."

"दार उगडून दावा."

तो जरा रागावला, पण त्यानं दाखवलं. ती वर चढली, पायानं फळ्या दाबत चालली, खाली आली. पुढच्या महिन्यात ती दोघं शिवऱ्याला गेली. हमरस्त्याच्या कडेला त्यांनी आपल्या हातानं छप्पर घातलं, आणि तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला ती ताक देते असं मी ऐकलं.

त्या दिवशी मात्र खाली उतरून तिनं हात झटकले, लोटा उचलून माझ्या हातात दिला.

"ऱ्हावा, वैनी," ती म्हणाली. "हितं ऱ्हावा."